बघायला काहीच नाही अशा जागी दोन दिवस: कोल्हापूरच्या आसपास वाड्यावर राहायला जायचं तर

दिवाळी झाली की पुण्याच्या मेव्हण्याचा फोन येतोच. दाजी, यंदा दोन दिवस निवांत कुठंतरी जाऊया, हॉटेल नको, ते जुनं वाडा टाइप काहीतरी बघा की तुमच्याकडचं. मी म्हणतो बघतो. आणि दहा मिनिटात त्याचा मेसेज येतो ज्यात अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, नरसोबावाडी, खिद्रापूर आणि सगळ्यात शेवटी "जमलं तर दाजीपूर" असं असतं. आता खिद्रापूर पूर्वेला साठेक किलोमीटर आणि दाजीपूर बरोबर उलट्या दिशेला ऐंशीएक किलोमीटर, म्हणजे हा माणूस दोन दिवस निवांत कुठं बसणार तर गाडीच्या सीटवर. मागच्या खेपेला असंच झालं, रविवारी रात्री परत जाताना त्याचा चेहरा असा होता की जणू ऊसतोडीला आला होता.

म्हणून यंदा त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण कोल्हापुरातले लोकही आता वीकेंडला गावाकडच्या स्टेवर जायला लागलेत आणि तीच चूक करतात.

पहिली गोष्ट, जागा कशी निवडायची. माझा एकच नियम आहे आणि तो ऐकून लोक हसतात. मालकाला फोन करायचा आणि विचारायचं, आसपास बघण्यासारखं काय आहे हो? त्यानं जर धबधबा, सनसेट पॉइंट, झिपलाइन, बोटिंग अशी यादी वाचली तर धन्यवाद म्हणून फोन ठेवायचा. आणि जर तो दोन सेकंद गप्प बसून म्हणाला "तसं काय नाय सायेब, ऊस हाय" तर तिथं लगेच ॲडव्हान्स पाठवायचा. विश्रांती घ्यायला जातोय ना आपण. बघण्यासारखं काही असलं की बघायला जावं लागतं, सकाळी लवकर उठावं लागतं, बायको म्हणते इतक्या लांब आलोय तर जाऊन येऊ, आणि गेला दिवस.

तरी पण दिशा ठरवायला लागतेच. कोल्हापुरातून साधारण दीड तासाच्या आत पोचता येईल एवढंच अंतर धरा, दोन रात्रींसाठी त्याच्या पुढं जाण्यात अर्थ नाही. पन्हाळा सगळ्यात जवळ, २० किलोमीटर, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोयीचा, पहाटे धुकं उतरलेलं असताना तीन दरवाजाकडं चक्कर मारावी आणि नंतर झुणका भाकरी खाऊन परत झोपावं हे खरंच भारी आहे. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात पन्हाळाही आहे आणि रविवारी तर आधीच गर्दी असायची, त्यात रविवार जोतिबाचा वार, जोतिबाचा डोंगर त्याच बाजूला, त्यामुळं रस्त्यावर गाड्याच गाड्या. चैत्री यात्रेच्या वेळी तर तिकडं फिरकूच नका, म्हणजे यात्रेला जायचं असेल तर जरूर जा, विश्रांतीला नको. पन्हाळ्याची हवा पाहिजे असेल तर गडावर मेन रोडला न राहता पायथ्याच्या एखाद्या गावात राहा.

राधानगरीकडं जंगल पाहिजे असलेल्यांनी जावं. राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या मुलीच्या, राधाबाई आक्कासाहेबांच्या नावावरून आहे आणि ते धरणही महाराजांनीच सुरू केलेलं, त्याचे ते ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी, मे संपता संपता, तिकडं झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात, आयुष्यात एकदा तरी बघावं असं आहे, मी माझाच नियम मोडून सांगतोय. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं आणि गवा काय आपल्या वेळेवर येत नाही, तर "गवा दिसला नाही" म्हणून मालकावर राग काढू नका. गगनबावडा पावसाच्या वेड्यांसाठी. ५५ किलोमीटर, तिथं पाऊस पडत नाही, ओततो. कपडे वाळत नाहीत, आगपेटी पेटत नाही, मला ते आवडतं पण माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल घरात काय पाणी कमी होतं का.

आणि माझी खरी शिफारस म्हणजे करवीर, कागल, हातकणंगले भागातलं कुठलंही नदीकाठचं साधं गाव, जिथं कुणीतरी आपल्या आज्याचा वाडा नीट करून दोन-तीन खोल्या राहायला देतोय. डोंगर नाही, दरी नाही, काही नाही. ऊस, म्हशी आणि संध्याकाळी देवळातला भजनाचा आवाज.

आता वाडा खरा की खोटा हे ओळखायला शिका, कारण हल्ली "पारंपरिक" हा शब्द कुणीही लावतंय. मी एकदा फोटो बघून गेलो होतो, जागेचं नाव काढत नाही, पोचल्यावर बघतो तर सिमेंटच्या भिंतीवर विटांचा वॉलपेपर, दारात फायबरचा बैल, बैलगाडीचं चाक लावलेलं ते पण नवंकोरं पॉलिश मारलेलं, आणि खोलीत जाऊन वर बघितलं तर पीओपीचं छत आणि त्यात निळी लाइट. बरं ते पण चाललं असतं, पण शेजारच्या लॉनवर हळद होती. रात्री साडेअकरापर्यंत डीजे आणि माझ्या उशाची खिडकी त्याच बाजूला. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी फोटो मागताना तीनच मागतो, छताचा, न्हाणीचा आणि स्वयंपाकघराचा. छत कडीपाटाचं किंवा कौलारू असेल, लाकूड जुनं काळं पडलेलं असेल तर घर खरं. दार बुटकं असतं, डोक्याला लागतं, ते पण खऱ्याचंच लक्षण. समोर दगडी जोतं, आत सोपा म्हणजे ओसरी, मधे चौक असला तर फारच उत्तम, मागं परडं म्हणजे परसू आणि गोठा. गोठा असेल तर वास येणार आणि माश्या पण असणार हे धरून चाला, ज्यांना ते चालत नाही त्यांनी सरळ शहरात एसी रूम घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. न्हाणी आणि संडास आतच आहे की परड्यात हे स्पष्ट विचारा, लाजू नका, रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन सासऱ्यांना परड्यात न्यावं लागलं की मग कळतं विचारायला पाहिजे होतं. कमोड आहे का, खोली माडीवर आहे का आणि माडीला जिना आहे की ती उभी शिडीसारखी अरुंद पायऱ्यांची भानगड आहे, हेही.

फोन कधी करायचा यालाही वेळ आहे बरं का. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी त्याच वेळेला करू नका, तेव्हा धारा काढून डेअरीला दूध घालायची घाई असते, मालक म्हशीखाली बसलेला असतो आणि तुम्ही विचारताय वायफाय आहे का. दुपारी जेवण झाल्यावर करा, तेव्हा माणूस निवांत असतो, बोलतो, आणि त्याच्या बोलण्यावरूनच निम्मं कळतं. या फोनवर मुख्य काय काढून घ्यायचं तर त्या दिवशी दुसरे किती ग्रुप आहेत. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आठ पोरांचा ग्रुप स्पीकर घेऊन येणार असेल तर तुमची दोन दिवसांची शांतता गेलीच समजा. स्पीकर चालतो का असं विचारताना जरा उत्साहात विचारायचं, म्हणजे आपल्यालाच लावायचाय असं वाटलं पाहिजे, मग तो खरं सांगतो. "लावा की, काय अडचण नाय" म्हणाला की आपण दुसरी जागा बघायची.

मालक स्वतः तिथं राहतो का हे पण विचारा. घरमालक राहत असेल तर जेवण घरचं मिळतं आणि रात्री काही लागलं तर माणूस असतो, नाहीतर एक बिचारा केअरटेकर असतो ज्याला फ्यूज कुठंय तेही माहीत नसतं. इन्व्हर्टर आहे का. शेवटचा रस्ता कसा आहे, खाली टेकणारी गाडी जाईल का. दर माणशी की खोलीवर, जेवण त्यात धरलंय का, लहान पोराचे किती. ॲडव्हान्स परत मिळतो का, हे पावसाळ्यात तर नक्की.

पावसाळ्याचं जरा वेगळं सांगायला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये बुकिंग केलंत तर पंचगंगेकडं लक्ष ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी, कोल्हापूरकर त्या दिवसांत सकाळी उठून क्रिकेटच्या स्कोअरसारखा हा आकडा बघतात. पाणी ३९ च्या आसपास आलं की गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ वगैरे पाणी यायची भीती असते, तेव्हा पैसे गेले तरी चालतील पण जाऊ नका. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं हायवेला काय होतंय, तर २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता आणि बंद होता. गेलेला माणूस तिकडंच अडकतो.

सगळ्यात चांगला काळ माझ्या मते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. थंडी असते, गुऱ्हाळं चालू असतात. पण दोन भानगडी आहेत. एक, लग्नसराई. कॅलेंडर उघडून मुहूर्त बघा आणि त्या तारखा टाळा, मी सांगितलं ना माझं काय झालं. दुसरी, ऊस वाहतूक. रात्री बारा वाजता सुद्धा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर फुल आवाजात गाणी लावून दारावरून जातो, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून लावतो तो, त्याचीही चूक नाही. त्यामुळं रस्त्याकडची खोली नको, परड्याकडची द्या असं आधीच सांगून ठेवा. गावची यात्रा किंवा म्हाई असेल तर आवाज असणारच, पण अशा वेळी मालक जेवायला बसवतो आणि तसलं मटण परत आयुष्यात मिळत नाही, तेव्हा तिथं झोपेचा हट्ट सोडून द्या. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार जा. एक रजा जाते पण अख्खा वाडा आपलाच असतो.

बरोबर काय न्यायचं, फार नाही. टॉर्च, डासांचं मलम, स्वतःची उशी ज्यांना लागते त्यांनी, थंडीत कानटोपी. पूर्ण पायाची पँट न्या कारण उसाचा पाला हातापायाला चरचरीत कापतो आणि अंघोळीला गेलं की मग झोंबतं. कोल्हापुरी चप्पल पावसात घालू नये हे खरं तर सांगायची गरज नाही पण पाहुणे शहरात आल्या आल्या नवी विकत घेतात आणि तीच घालून चिखलात उतरतात. थोडी रोख ठेवा, गावात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

पोचायचं दुपारी चारच्या सुमारास. रात्री नऊला पोचू नका. उजेडात पोचलं की पायऱ्या कुठं, बटण कुठं, कुत्रं कुठल्या बाजूला बांधलंय हे कळतं, आणि घरच्या बाईंना स्वयंपाकाचा अंदाज सांगता येतो. पुण्याहून येणाऱ्यांनी शहरात थांबून मिसळ खाल्ली तर एकच खा. आमचा मेव्हणा "दोन ठिकाणची तुलना करू" म्हणाला होता, संध्याकाळी सोप्यावर पोट धरून बसला आणि रात्री त्याच्यासाठी ताकभात करायला लागला, इतक्या लांब येऊन.

चहा झाला की जोत्यावर बसायचं. एवढंच. पहिला तास-दीड तास फार वाईट जातो हे सांगून ठेवतो. हात खिशाकडं जातो, वाटतं काहीतरी करायला पाहिजे, एक चक्कर मारून येऊ का, इथं जवळ काय आहे गुगलवर बघू का. बघू नका. फोन पिशवीत आणि पिशवी खोलीत. साधारण दीड तासानं काहीतरी बदलतं, मग गोठ्यात चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येतो, कुणीतरी लांब पोराला शिव्या घालत बोलवत असतं, मालकाची आई येऊन शेजारी बसते आणि विचारते, कुठलं म्हणायचं तुम्ही? मग तासभर तुमच्या आणि तिच्या पाहुण्यांच्यात कुठंतरी नातं निघतंय का ते शोधण्यात जातो, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ते निघतंच.

जेवणाचं नीट ठरवा. लोक पहिल्याच रात्री तांबडा-पांढरा सांगतात. मला विचाराल तर नको. प्रवास करून आलेला असता, रात्री झुणका, खर्डा, गरम भाकरी, दही आणि कच्चा कांदा सांगा, चुलीवरची भाकरी तव्यावरून थेट ताटात. मटण दुसऱ्या दिवशी दुपारी. कारण खरा बेत असा असतो की आधी अळणी म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी प्यायचं, मग सुक्कं आणि भाकरी, तांबडा रस्सा वाटीनं नाही तर वाडग्यानं ओरपायचा, तोंड पेटलं की खोबऱ्याचं दूध आणि खसखस घातलेला पांढरा, आणि शेवटी भात. एवढं झाल्यावर माणूस तीन तास उठत नाही, ते दुपारीच शोभतं. गावठी कोंबडी पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगा, पकडायला लागते ती. तिखट जमत नसेल तर "चटणी बेतानं" असं म्हणा, इथं चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नाही, कांदा-लसणाचा वर्षभराचा मसाला म्हणजे चटणी, आणि प्रत्येक घरची वेगळी. निघताना पाव किलो विकत मागितली तर बहुतेक वेळा पैसे घेत नाहीत, मग आपण पोरांच्या हातात काहीतरी ठेवायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा काय उपवास आहे ते घरातून निघतानाच विचारून घ्या, मटण शिजल्यावर आठवण येते लोकांना. आणि श्रावणात गेलात तर मालकांच्याच घरी चालत नसेल, तेव्हा आधी विचारा.

सकाळी अंघोळीला गिझर असला तरी बंब आहे का विचारा. तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात चिपाडं नाहीतर लाकडाचे तुकडे, आणि ते धुराचा किंचित वास असलेलं कढत पाणी घंगाळात घ्यायचं. थंडीत त्या पाण्यानं जी अंघोळ होते त्याला तोड नाही. पहिल्यांदा गार पाण्याचं विसण घालायला विसरू नका, मी भाजून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी करायचं म्हणून एकच गोष्ट सुचवतो, तीही चालत जाण्याएवढ्या अंतरावर असेल तरच. गुऱ्हाळ. लांबूनच वास येतो. उसाचा रस मोठ्या पसरट काईलीत उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलणारा एक माणूस सतत लागतो, रसात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात त्यानं मळी वर येते, ती मोठ्या झाऱ्यानं काढून टाकायची, असं करत करत रस सोन्यासारखा होतो. सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा. तो बुडबुडे बघतो, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो आणि मग एका क्षणी ओरडतो, की सगळे धावतात आणि काईल वाफ्यात उलटी होते. त्याच्या आधी पाक पातळ असताना काढली ती काकवी. त्या वेळी मधे उभं राहून सेल्फी काढू नका, उकळता पाक आहे तो, आणि कामाची माणसं आहेत ती, आपल्या करमणुकीला उभी नाहीत. बाजूला उभं राहिलात तर कुणीतरी आपणहून गरम गूळ पळसाच्या पानावर नाहीतर कागदावर देतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं वगैरे सगळं खरं, पण तो गरम गूळ तोंडात असताना असलं काही आठवत नाही. पोरांना रस द्या, पण अति नको, रात्री त्रास तुम्हालाच.

पोरांवरून आठवलं. पोरं कंटाळणार. "बोर होतंय" हे वाक्य पहिल्या संध्याकाळी पन्नास वेळा ऐकायची तयारी ठेवा आणि मोबाईल देऊ नका, त्यांना काही खेळ पण सुचवू नका. आमच्या चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या नातवाबरोबर रेडकाला पाणी पाजायचा उद्योग शोधला तो निघेपर्यंत. विहिरीकडं आणि नदीकडं मात्र एक मोठं माणूस पाहिजेच, त्यात हयगय नाही.

मटण खाऊन दुपारी झोपायचं. गादीवरच असं काही नाही, सोप्यात घोंगडं टाकून पडलं तरी चालतं, जुन्या मातीच्या भिंतीमुळं आत गारवा असतो. गजर लावू नका. संध्याकाळी उठून परत जोतं. या वेळेला हात खिशाकडं जात नाही, बघा अनुभव घेऊन.

परत निघताना सकाळी नाष्टा करून निघा आणि वाटेत "आता आलोच आहोत तर" म्हणून गाडी कुठंही वळवू नका, नरसोबावाडीची बासुंदी पुढच्या वेळी. हिशेब मालकाकडं करा पण भाकरी करणाऱ्या मावशींच्या हातात वेगळे द्या, त्या बिलात नसतात.

आणि काकवी घेतलीत तर बाटली गळ्यापर्यंत भरून घेऊ नका, वर चार बोटं जागा सोडा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा आणि डिकीत आडवी न ठेवता पायाशी उभी धरून न्या. मागच्या वर्षीची आमची अजून सीटखालच्या मॅटला आहे, उन्हाळ्यात मुंग्या येतात.